नाशिक जिल्ह्याच्या आमदार-खासदारांना खुलं पत्र: शांततेला स्वतःचं खातं द्या, आणि ते कायद्याने द्या

सप्रेम नमस्कार,

हे पत्र जिल्ह्यातल्या पंधराही आमदारांना आहे, आणि नाशिक, दिंडोरी, धुळे या तिन्ही मतदारसंघांच्या खासदारांनाही आहे, कारण आमचं मालेगाव आणि बागलाण लोकसभेला धुळ्यात मोजलं जातं. कोण कुठल्या पक्षाचं हे मी बघितलेलं नाही. माझा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे, जुन्या नाशकात गोडाऊन आहे, तुमच्यातल्या काही जणांच्या सभेला कनाती मीच बांधल्यात आणि काहींना मी भाऊ, काहींना ताई म्हणतो. म्हणून थोडं हक्काने लिहितोय. उघड लिहितोय कारण हेच सगळं साध्या अर्जात लिहून दिलं होतं, पोच मिळाली, उत्तर काही आलं नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायला वेळ नसेल त्यांचीही सोय होईल: महाराष्ट्रात शांततेसाठी वेगळा विभाग पाहिजे, गृह खात्याच्या पोटात नाही, स्वतंत्र, त्याला सचिव पाहिजे, बजेट पाहिजे, तालुक्या-वॉर्डापर्यंत ट्रेनिंग घेतलेली माणसं पाहिजेत, आणि हे सगळं जीआरवर नाही तर कायद्याने पाहिजे, नाहीतर सरकार बदललं की फाईल कपाटात जाते.

आता मी हे का लिहितोय ते. मी गेली बरीच वर्षं आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत आहे. तुम्हाला माहितीय ही समिती काय असते. गणपती आला, ईद आली, आंबेडकर जयंती, शिवजयंती आली की आदल्या आठवड्यात फोन येतो, मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, माजी नगरसेवक, माझ्यासारखे दोन-चार धंदेवाले असे सगळे जमतो, साहेब डीजेचे नियम सांगतात, मिरवणुकीचा रूट वाचून दाखवतात, कोणीतरी उठून खड्डे आणि स्ट्रीटलाईटचा विषय काढतो, चहा होतो, फोटो होतो, पेपरात बातमी येते की शांतता समितीची बैठक उत्साहात पार पडली. सण पार पडला की समिती पुढच्या सणापर्यंत संपली. मधल्या महिन्यांत काय होतं, कोणाचं कोणाशी बिनसलंय, कुठल्या गल्लीत कोण कोणाकडे बघेनासं झालंय, ते विचारायला कोणी नाही.

यंदाच्या गणपतीआधीच्या मिटींगला मी उभा राहून एवढंच म्हणालो की साहेब ही मिटींग दर महिन्याला घ्या ना, सण असो नसो, आणि वस्तीतली चार-सहा माणसं, त्यात बायकाही, भांडण कसं सोडवायचं याचं नीट ट्रेनिंग देऊन तयार करा. साहेब माणूस चांगला. त्यांनी सरळ सांगितलं की आमच्याकडे बंदोबस्तालाच माणसं पुरत नाहीत, या कामाला आमच्याकडे पैशाचं हेड नाही, आणि खरं सांगायचं तर हे आमचं कामच नाही. मी घरी आलो आणि तेच वाक्य डोक्यात राहिलं. त्यांचं नाही हे मला पटलं. मग कोणाचं आहे? महसूलचं नाही, महापालिकेचं नाही, शिक्षण खात्याचं नाही. साडेबारा कोटी लोकांच्या राज्यात, हा आकडा मी मुद्दाम कमीत कमी धरलाय, दोन शेजारी एकमेकांवर उठू नयेत हे काम कोणाच्याच टेबलावर नाही.

आपल्या जिल्ह्यात हे काम कमी आहे असं कोणीच म्हणणार नाही. २००१ मध्ये मालेगावात दंगल झाली, लोक गोळीबारात गेले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्र्यंबक तालुक्यातल्या तळेगावच्या घटनेनंतर जिल्हा पेटला, एसटी बस जळाल्या, मोबाईल इंटरनेट बंद करावं लागलं, त्या दिवसांत एका गावातली माणसं दुसऱ्या गावातून मोटरसायकल घालायला घाबरत होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंदच्या दिवशी भद्रकालीत दगडफेक झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये काठे गल्लीत झाली, त्यात पोलीस जखमी झाले. प्रत्येक वेळी नंतर काय झालं ते आठवून बघा. गुन्हे दाखल झाले, धरपकड झाली, रूट मार्च झाला, तुमच्यापैकी काही जण येऊन शांततेचं आवाहन करून गेले, मग हळूहळू शटर वर गेली आणि आपण सगळे म्हणालो आता शांत आहे.

शांत म्हणजे काय ते मला माझ्या धंद्यात दिसतं, म्हणून तेच सांगतो. माझ्याकडे सिलिंगचं कापड मारणारा कारागीर मालेगावचा आहे, त्याच्या हाताला जी चुणी पडते ती दुसऱ्या कोणाच्या हाताला पडत नाही. बांबू बांधणारी पोरं पेठ-सुरगाण्याकडची आहेत, लाईटचं काम पंचवटीतला पोरगा बघतो. एकच पांढरं कापड धुऊन इस्त्री करून लग्नालाही जातं, उरुसालाही जातं, सप्ताहाच्या मंडपालाही जातं. अशाच एका तणावानंतर, दुकानं उघडून आठवडा झाला होता, एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. कितीतरी वर्षांचा संबंध. म्हणाले मंडप तुझाच पाहिजे, रेटही तूच सांग, फक्त वर चढणारा तो पोरगा यावेळी पाठवू नको, आमच्याकडच्या मुलांना चालणार नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट लाजच होती, पण म्हणाले. मी तो मंडप घेतला नाही. पण कारागिराच्या कानावर ते गेलंच, गोडाऊनमध्ये गोष्ट लपत नाही. तो काही बोलला नाही, हातातलं कापड घडी करून ठेवलं, गज मोजून वहीत लिहिलं, संध्याकाळी मालेगावची गाडी पकडून गेला आणि पुढे बरेच दिवस आला नाही. त्याची बायको फोनवर म्हणाली, शेठ, भीती नाही वाटत त्यांना, नकोसं वाटतं.

आता सांगा, हे कुठल्या कलमात बसतं? गुन्हा नाही, तक्रार नाही, पंचनामा नाही. पोलीस रेकॉर्डला त्या आठवड्यात सगळं शांत होतं. पण पुढच्या दगडफेकीची माती इथेच तयार होते, या नकोसं वाटण्यात, आणि सरकारचा एकही माणूस इथपर्यंत पोचत नाही कारण त्याचं ते कामच ठरवलेलं नाही.

दुसरी गोष्ट पोरांची. लाईटवाल्या पोराने एका रात्री व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस टाकलं, कुठून तरी आलेलं पुढे ढकललं, आणि शेजारच्या गल्लीतला त्याच्याच वयाचा, एकाच शाळेत शिकलेला पोरगा चार मित्र घेऊन दारात आला. ढकलाढकली झाली. त्या दोघांच्या आया आणि गल्लीतल्या एक रिटायर बाई, शाळेत शिकवायच्या दोघांनाही, अशा ओट्यावर बसून त्यांनी ते प्रकरण दोन दिवसांत मिटवलं. अगदी नीट मिटवलं, पोरं आता बोलतात एकमेकांशी. पण तोपर्यंत कोणीतरी फोन केला होता आणि दोन्हीकडच्या पोरांवर चॅप्टर केस, म्हणजे पुढे भांडण होऊ नये म्हणूनची पोलिसांची कारवाई, झाली होती, बाँड लिहून द्यायला लागला, हेलपाटे झाले, वकिलाचे पैसे गेले, आणि त्यातल्या एकाला भरतीचा फॉर्म भरायचा होता तो आता पडताळणीत काय निघेल म्हणून घाबरून बसलाय. पोलिसांची चूक मी म्हणत नाही, त्यांच्या हातात जे आहे ते त्यांनी वापरलं. माझं म्हणणं आहे की त्यांच्या हातात जे नाही ते कोणाच्या तरी हातात द्या. त्या तीन बायकांनी केलं ते काम सरकारच्या लेखी कामच नाही, त्याला ना नाव, ना मानधन, ना कागद.

कोणी म्हणेल हे सगळं नवीन काहीतरी परदेशातलं आणलंय. तसं अजिबात नाही, उलट याची मुळं आपल्याच जिल्ह्यात आहेत. सिंहस्थात वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर, हे तुम्हाला माहीत आहे. हे काही पहिल्यापासून असं नव्हतं. अठराव्या शतकात स्नानाच्या मानावरून त्यांच्यात मोठी लढाई झाली, माणसं मेली, मग पेशव्यांकडे निवाडा गेला आणि जागा वेगळ्या ठरल्या. त्या ठरावावर आजपर्यंत लाखो लोकांचा मेळा भरतो. कोणीतरी बसलं, दोन्ही बाजू ऐकल्या, तोडगा काढला, तो पाळला जाईल हे बघितलं. शांतता अशी होते, कोणीतरी केल्यावर होते. आणि येत्या सिंहस्थासाठी तुम्ही २०२५ मध्ये कायदा करून कुंभमेळ्याचं स्वतंत्र प्राधिकरण उभं केलंत, म्हणजे मनात आलं तर कायदा होतो, पैसा मिळतो, अधिकारी मिळतात.

त्याच नाशकात काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी तिथे सत्याग्रह सुरू केला, तो पाच वर्षं चालला आणि तेवढ्या काळात दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण शांतता विभाग म्हटलं की काही लोकांना वाटेल की हक्क मागणाऱ्यांना गप्प बसवायचं खातं. तसं खातं होणार असेल तर मला ते नको, उद्या काढलं तरी परवा मीच विरोधात पत्र लिहीन. अन्याय तसाच ठेवून झालेली गपगार परिस्थिती ही शांतता नाही, हे कायद्याच्या पहिल्या पानावर लिहिलं गेलं पाहिजे.

आणि अमेरिकेचं विचाराल तर तिथेही ही मागणी जुनी आहे. बेंजामिन रश नावाच्या डॉक्टरने, ज्याची त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे, १७९० च्या दशकातच लिहिलं होतं की युद्धाचं खातं आहे तर शांततेचं कार्यालयही असावं. २००१ मध्ये डेनिस कुसिनिच नावाच्या खासदाराने शांतता विभागाचं विधेयक मांडलं, मंत्रिमंडळात शांततेचा मंत्री असावा, घरातली मारहाण, शाळेतली हिंसा, टोळ्यांची भांडणं, वंशद्वेष इथपासून ते परदेशातल्या युद्धांपर्यंत आधीच काम करणारी यंत्रणा असावी, लष्करी अकादमी असते तशी शांततेची अकादमी असावी, असं सगळं त्यात होतं. पुढे बार्बरा ली या खासदारबाईंनी तेच पीसबिल्डिंग विभाग म्हणून पुन्हा पुन्हा मांडलं. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर युद्धाचे अधिकार देण्याच्या ठरावाविरुद्ध त्यांच्या सगळ्या संसदेत एकट्या याच बाईंचं मत पडलं होतं. ते विधेयक मी बघितलं तेव्हापर्यंत मंजूर झालेलं नव्हतं, पण प्रत्येक वेळी मांडलं म्हणून त्याची चर्चा जिवंत राहिली, त्यात काय असावं काय नसावं याचा तपशील तयार झाला. आपल्याकडे कोणी मांडतच नाही, म्हणून चर्चाही नाही.

काही देशांनी करून बघितलंय, त्यातून शिकायला आहे. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलं आणि पुढे न्याय खात्यालाच न्याय व शांतता खातं केलं. आपल्या शेजारी नेपाळने माओवाद्यांबरोबरचं युद्ध संपल्यावर २००७ मध्ये शांती तथा पुनर्निर्माण मंत्रालय काढलं आणि जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक शांती समित्या नेमल्या. इथिओपियाचं उदाहरण मात्र नीट वाचा. तिथे २०१८ मध्ये शांतता मंत्रालय झालं, पण त्याच मंत्रालयाच्या ताब्यात केंद्रीय पोलीस आणि गुप्तचर यंत्रणा दिली, आणि दोन वर्षांत टिग्रेमध्ये भयंकर युद्ध सुरू झालं. पाटी बदलून काही होत नाही. म्हणूनच मी म्हणतोय की आपला विभाग गृह खात्याच्या बाहेर पाहिजे आणि त्याच्या हातात लाठी नको, चौकशीचे अधिकार नकोत, खबरी नकोत. ज्या दिवशी लोकांना वाटेल की हा माणूस आपलं बोलणं ठाण्यात सांगतो, त्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलणार नाही.

आता आपल्या राज्याने आधी काय केलं ते, कारण चांगलं केलेलं सांगितलंच पाहिजे. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. माझ्या मामाच्या गावाला, निफाड तालुक्यात, बांधाची भांडणं समितीसमोर मिटलेली मी ऐकलीत, बक्षिसाच्या पैशातून गावात कामं झाली. पण ती मोहीम गावांसाठी होती. शहराला नाही. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतल्या कामगार वस्तीत, सिडकोत, वडाळ्यात, जुन्या नाशकात तंटामुक्ती कोणी करायची? पोलीस पाटील नाही, ग्रामसभा नाही, एका मजल्यावर चार राज्यांची माणसं राहतात, पार्किंगवरून सुरू झालेलं जातीवर आणि धर्मावर जातं. आणि गावातही आबांच्या काळातला जोर पुढे राहिला नाही, अनेक ठिकाणी तंटामुक्ती अध्यक्ष हे फक्त लग्नपत्रिकेत छापायचं पद झालंय.

भिवंडीचंही तेच. १९७० आणि १९८४ ला तिथे भयानक दंगली झाल्या. मग १९८८ मध्ये सुरेश खोपडे साहेब डीसीपी म्हणून आले, त्यांनी मोहल्ला मोहल्ल्यात हिंदू-मुस्लिम माणसांच्या समित्या केल्या, बीटच्या हवालदाराला त्यात बसवलं, नळाचं भांडण असो नाहीतर पोरांचं, तिथेच बोलून सोडवायचं. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ला मुंबई जळत होती, भिवंडी शेजारी असून शांत राहिली. यंत्रमागाचं गाव, मालेगावसारखंच. हे यश एका अधिकाऱ्याच्या हिमतीवर उभं होतं, तो बदलून गेला आणि हळूहळू जोर ओसरला. अधिकारी बदलणारच, ते सरकारी नोकरीत आहेत. काम बदलीवर जाऊ नये म्हणूनच तर खातं लागतं. बांधकाम खात्याचा इंजिनियर बदलला म्हणून पूल कोणी अर्धा सोडत नाही.

आणि तुकडे तर सगळीकडे पडलेलेच आहेत. तंटामुक्ती गृह खात्याकडे. २०२३ ची सलोखा योजना, म्हणजे एकमेकांच्या ताब्यात असलेली शेतजमीन हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणीत अदलाबदल करता येते ती, महसूलकडे, आणि माझ्या मते ती या सरकारी योजनांमधली सगळ्यात हुशार योजना आहे कारण ती भांडणाच्या मुळाला हात घालते. घरातल्या मारहाणीचे संरक्षण अधिकारी महिला व बालविकासकडे. अ‍ॅट्रॉसिटीतल्या पीडितांचं पुनर्वसन समाजकल्याणकडे. केंद्राच्या २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात तर सामुदायिक मध्यस्थतेची तरतूद लिहिलेली आहे, एखाद्या भागातली शांतता बिघडेल असा वाद दोन्ही बाजूंच्या संमतीने तीन मध्यस्थांच्या पॅनेलसमोर सोडवायचा, आणि असं एकही पॅनेल मी आमच्या भागात बसलेलं बघितलेलं नाही. हे सगळे धागे एका हातात कोणाच्याच नाहीत. सरकारने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला तेव्हा हेच कारण दिलं होतं ना, की कामं दहा खात्यांत विखुरलीत म्हणून. तेव्हा ते बरोबर होतं. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला. तेव्हा एक खातं वाढलं तर तिजोरी बुडेल हे मला सांगू नका.

अफवेबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आपल्या हद्दीपासून काही लांब नाही. मुलं पळवणारी टोळी आली अशी व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा, आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच रात्री मालेगावात असंच एक कुटुंब जमावाच्या हाती सापडलं होतं, सोबत दोन वर्षांचं लेकरू, ते पोलिसांनी जीव धोक्यात घालून वाचवलं. त्या आधी कित्येक दिवस मेसेज फिरत होते, सगळ्यांच्या मोबाईलवर होते, माझ्याही होते. त्या वेळी अहिराणीत, पावरीत, कोकणीत, उर्दूत गावोगाव जाऊन हे खोटं आहे असं सांगणारा एक तरी सरकारी माणूस असता तर? आशाताई घरोघर जाऊन लसीचं सांगतात, लोक ऐकतात, कारण ती त्यांच्यातली असते. तशी माणसं पाहिजेत. आत्ता अफवा आली की सरकारकडे एकच बटन आहे, इंटरनेट बंद, आणि इंटरनेट बंद म्हणजे माझ्यासारख्याचं ऑनलाईन पेमेंट बंद, पोरांचे फॉर्म बंद, आणि अफवा मात्र तोंडातोंडी चालूच.

दंगलीनंतरचं तर कोणी बोलतच नाही. हातगाडी जळाली, तिचा पंचनामा होतो, भरपाईचा कागद फिरत राहतो. जामिनावर सुटून आलेला पोरगा आणि ज्याचं डोकं फुटलं तो, दोघं एकाच दूध डेअरीवर येतात. त्यांचं पुढे काय करायचं? कोर्ट निकाल देईल तेव्हा देईल, तोपर्यंतची वर्षं त्या गल्लीने कशी काढायची?

नाशिककडे बघा एकदा. देवळालीला तोफखान्याचं शिक्षण मिळतं, ओझरला लढाऊ विमानं बनतात, त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे जिथे राज्यभरातले फौजदार घडतात. या तिन्हींचा मला अभिमान आहे, माझा सख्खा भाचा तोफखान्यात आहे. सीमेवर शांतता राखायला एवढी तयारी लागते हे आपल्याला कळतं. मग गल्लीतली शांतता राखायला काहीच शिकावं लागत नाही असं आपण का धरून चाललोय? शांततेची राज्य अकादमीही नाशकातच काढा, जागा आहे, हवा चांगली आहे, मुंबईहून येणं-जाणं सोपं आहे, आणि कारणं तर वर लिहिलीच आहेत.

तर मागण्या सरळ लिहितो.

सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्याच्या यादीतला विषय आहे, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवायचं कारण नाही. हिवाळी अधिवेशनात शांतता व सलोखा विभागाचं विधेयक सरकारने आणावं, आणि सरकार आणत नसेल तर तुमच्यातल्या कोणीही एकाने अशासकीय विधेयक किंवा निदान ठराव मांडावा आणि बाकीच्या चौदांनी पक्ष बाजूला ठेवून सही करावी. खर्च असलेल्या विधेयकाला राज्यपालांची शिफारस लागते हे मला माहीत आहे, ती प्रक्रिया तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, करा.

विभाग गृह खात्यापासून वेगळा, स्वतःच्या सचिवासह, स्वतःच्या लेखाशीर्षासह. पोलिसी अधिकार शून्य. मध्यस्थाकडे बोललेलं गुप्त राहील आणि कोर्टात-ठाण्यात वापरलं जाणार नाही हे कायद्यात लिहा. पण बलात्कार, अ‍ॅट्रॉसिटी, खून, घरातली मारहाण असल्या गोष्टी दबाव टाकून ‘मिटवायला’ हा विभाग वापरता येणार नाही हेही तितक्याच स्पष्ट लिहा, गावकीत हे फार होतं आणि त्यात नेहमी बाईच दबते.

शहरात प्रत्येक वॉर्डात आणि गावात तंटामुक्ती समितीला जोडून ट्रेनिंग घेतलेले मध्यस्थ, निम्म्या बायका, मानधनासह. निवड राजकीय शिफारशीने नाही. इथे मी तुम्हालाच सांगतोय, तुमची माणसं यात घालू नका, नाहीतर पहिल्याच वर्षी लोकांचा विश्वास जाईल.

अफवा आली की काही तासांत खरं काय ते स्थानिक भाषेत सांगणारी जिल्हा पातळीवरची टीम. आठवीपासून पुढे शाळेत भांडण कसं सोडवायचं याचा तास, परीक्षेशिवाय. दंगलीत रोजगार गेलेल्या हातगाडीवाले, रिक्षावाले, रोजंदारीवाल्यांना ठरलेल्या मुदतीत मदत, धर्म-जात न बघता. आणि दरवर्षी विधानसभेत अहवाल, कुठे किती वाद आले, किती सुटले, कुठे अपयश आलं.

आणि आत्ता, कायद्याची वाट न बघता, एक गोष्ट तुम्ही करू शकता. आपापल्या मतदारसंघातल्या शांतता समितीची मिटींग दर महिन्याला घ्यायला लावा आणि स्वतः येऊन बसा. भाषण करू नका, ऐका. गणपतीच्या आदल्या आठवड्यात नको, एखाद्या रिकाम्या महिन्यात या, जेव्हा काहीच नसतं.

उत्तर लेखी द्या. हो म्हणा, नाही म्हणा, अमुक मान्य तमुक नाही असं म्हणा, चालेल. ज्यांचं उत्तर येईल त्यांचं मी जसंच्या तसं लोकांसमोर ठेवीन, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. ज्यांचं येणार नाही त्यांच्या ऑफिसला हिवाळी अधिवेशनाआधी मी स्वतः येईन, कारागिरालाही सोबत आणीन. तो परत आलाय कामाला. त्याला तुम्हाला काही विचारायचं आहे, ते तोच विचारेल.

आपला,
जुन्या नाशकातला एक मंडपवाला आणि शांतता समिती सदस्य